कर्जदार समक्ष भेटले

परभणीच्या भाजीबाजारात मला पाहून अजूनही एखादा माणूस कोथिंबिरीच्या ढिगाआड वाकतो. मी निवृत्त झाले हे त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं. मग मीच हाक मारते, "अहो, मी आता फक्त मेथी घ्यायला आलेय." तो हसतो, पण पिशवीचा बंद काही सैल सोडत नाही.

घरासाठी कर्ज देणाऱ्या एका संस्थेच्या परभणी शाखेत मी नोकरी केली, आणि शेवटची अकरा वर्षं वसुली अधिकारी होते. वसुली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोटारसायकलवरचे दोन आडदांड गडी येतात. माझ्याकडं एक रेक्झिनची पिशवी, छत्री, पाण्याची बाटली आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घरी शिजवलेली मैद्याची खळ असायची. दाराला नोटीस लावायची तर खळच लागते. आमच्याकडच्या उन्हात चिकटपट्टी दुपारपर्यंत सुटून लोंबायला लागते. नोटीस लावायची, घर नंबर दिसेल असा दाराचा फोटो काढायचा आणि परतीची बस पकडायची.

माझे वडील जिंतूर तालुक्यात मेंढरं राखायचे. चारठाण्याच्या शाळेतल्या बाईंनी माझा दहावीचा फॉर्म स्वतःच्या पैशानं भरला नसता, तर मीही काठी घेऊन मेंढरांमागं फिरले असते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा वडिलांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि विचारलं, "काम कशाचं हाय?" मी म्हणाले, "लोकांना घर बांधायला कर्ज द्यायचं." त्यांना ते फार आवडलं. निम्मं आयुष्य पालात काढलेला माणूस. पुढं माझी वसुलीत बदली झाली, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

बाहेरच्यांना वाटतं, हप्ता चुकला की घर गेलं. तसं नसतं. तीन हप्ते थकले की साठ दिवसांची नोटीस निघते, आणि ती निघाली तरी लिलाव जाहीर होईपर्यंत बऱ्याच वाटा उघड्या असतात. थकलेलं भरून खातं पुन्हा सुरळीत करता येतं. मुदत वाढवून हप्ता लहान करून मागता येतो. अगदीच ओढाताण असेल तर एकरकमी तडजोडीचा अर्ज करता येतो. आणि काहीच जमत नसेल तर संस्थेची लेखी परवानगी घेऊन घर आपणच विकावं. लिलावापेक्षा भाव चांगला येतो, आणि कर्ज फिटून जे उरेल ते मालकाचंच असतं. यासाठी शाखेची पायरी मात्र चढावी लागते. एक निवृत्त मास्तर तीन महिने मी आले की देवघरात जाऊन बसायचे. शेवटी त्यांच्या बायकोनं त्यांना हाताला धरून शाखेत आणलं. अर्ध्या तासात मुदत वाढवण्याचा अर्ज भरून झाला. जाताना म्हणाले, "एवढंच होतं व्हय? मी उगं गुडघे दुखवून घेतले."

पण बहुतेक लोक दारच लावून घेतात, आणि बंद दारांची सवय झाली की माणूस घराकडं वेगळं पाहायला लागतो. एकदा पूर्णेकडच्या एका घराचा ताबा घ्यायला पंच आणि पोलिसांसह गेलो. पुढचं दार उघडं, मागच्या दाराला आतून कडी. आत कुणी नाही. आम्ही वस्तूंची यादी करत खोल्या फिरलो. कपाट एक, पलंग दोन. स्वयंपाकघरात पंखा फिरत होता, पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी होती आणि गॅसवरचं दूध कोमट होतं. पुढून तर आम्हीच आत आलो होतो. माणसं गेली कुठून, हे पंचांनाही सांगता आलं नाही. घरात असेल ते सगळं लिहायचं असा नियम आहे, म्हणून मी यादीत लिहिलं, 'दूध, अंदाजे अर्धा लिटर.'

असली रिकामी घरं मी बरीच पाहिली. मला अजून आठवतं ते घर मात्र भरलेलं होतं.

जिंतूरच्या बाहेर माळावर नवीन प्लॉट पडले होते. सात-आठ घरं, कोपऱ्यावर एक किराणा दुकान, बाकी मोकळं रान. त्यात सुधाकरचं दोन खोल्यांचं घर होतं. तो शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. कर्जाच्या कागदांवर सह्या करायला आला तेव्हा शाखेतल्या सगळ्यांना त्यानंच चहा पाजला होता. चार वर्षं त्याचा एक हप्ता चुकला नाही. मग माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी श्रावणापासून हप्ते थांबले.

पोळ्यानंतर मी पहिल्यांदा गेले. दारात त्याच्या चपला होत्या. दोरीवर त्याचा शर्ट टपटप गळत होता. त्याची बायको सुनंदा बाहेर आली. हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"ते शिवारात गेलेत मॅडम, मोटार बसवायला. सांज होईल."

तिनं चहा केला. चुलीजवळ एक ताट झाकून ठेवलं होतं. माझं लक्ष तिकडं गेलेलं पाहून ती म्हणाली, "त्यांचं हाय." मी मुदतवाढीची वाट समजावून सांगितली, आणि त्यासाठी त्यांना शाखेत यावं लागेल, कर्ज त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, हेही सांगितलं. ती म्हणाली, "विचारून सांगते."

बाहेर पडताना किराणावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आत्ताच गेला की मोटारसायकलवर. चहापत्ती घेऊन गेला."

त्या महिन्यात मी सुधाकरला बऱ्याचदा फोन केला. फोन उचलला जायचा. पलीकडं कुणीतरी श्वास घेतंय एवढं ऐकू यायचं. मी "सुधाकर, मी मॅडम बोलतेय" म्हटलं की तो श्वास थांबायचा, पण फोन बंद व्हायचा नाही. शेवटी मीच ठेवायची.

दुसऱ्यांदा दसऱ्यानंतर गेले. पुन्हा चपला, पुन्हा ओला शर्ट. सुनंदा म्हणाली, "आत हायेत. ताप हाय, घसा बसलाय. उगं बसायलेत."

मी आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. खिडकी लावलेली होती. अंधारात प्लास्टिकच्या खुर्चीवर, भिंतीकडं तोंड करून, चौकड्याचा शर्ट घातलेला माणूस बसला होता. डोक्यावरून कानापर्यंत टॉवेल, पाय चादरीत गुंडाळलेले.

"काय सुधाकर, कसं वाटतंय?"

उत्तर म्हणून एक जड खोकला आला. आजारी परपुरुषाच्या खोलीत बाईनं शिरावं, असं आमच्याकडं नाही. मी उंबऱ्यावरूनच त्या पाठीला सगळ्या वाटा समजावून सांगितल्या. मुदत, तडजोड, स्वतः विक्री. बोलणं संपल्यावर बऱ्याच वेळानं ती मान एकदा हलली.

भेटीच्या अहवालात दोन चौकटी असतात. 'कर्जदार समक्ष भेटले' आणि 'भेटले नाहीत.' दुसरी चौकट दोन-तीनदा भरली की माणूस टाळतोय असा शेरा पडतो आणि फाइल वेगानं पुढं सरकते. मला त्याला वेळ द्यायचा होता. शिवाय बसची वेळ झाली होती. मी पहिल्या चौकटीत खूण केली.

दिवाळीनंतर पुन्हा तेच. तीच खुर्ची, तोच शर्ट. खांदे मात्र शर्टात हरवल्यासारखे वाटले. आजारानं माणूस वाळतो, असं म्हणून मी पुन्हा पहिल्याच चौकटीत खूण केली. पुढच्या फेरीला साठ दिवसांची नोटीस सुनंदाच्या हातात दिली. तिनं ती डोक्याला लावली आणि आत नेऊन ठेवली.

परतीच्या बसमध्ये मला एक गोष्ट टोचत राहायची, आणि ती त्या पाठीबद्दल नव्हती. आमच्या भागात घरी आलेली सवाष्ण हळदीकुंकवाशिवाय परत जात नाही. ज्यांच्या दाराला मी नोटीस लावली त्यांनीही मला कुंकू लावलंय. एका बाईनं तर माझ्या सात पिढ्या उद्धरत उद्धरत लावलं होतं. सुनंदा चहा द्यायची, पाणी द्यायची, गेटपर्यंत यायची, पण कुंकू कधी नाही. मला वाटलं, रागावलीय.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मी पाचव्यांदा गेले. साठ दिवस संपायला नऊ दिवस उरले होते. त्यानंतर ताब्याची नोटीस लागणार आणि वर्तमानपत्रात छापून येणार होती. सुनंदानं नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं. आतल्या खोलीत पाठ बसलेली होती. मी उठले आणि वातावरण जरा हलकं करावं म्हणून म्हणाले, "काय हो सुनंदाबाई, संक्रांतीचे दिवस, आणि सवाष्णीला अशीच पाठवता? एवढा राग आलाय का आमचा?"

ती जागच्या जागी थांबली. मग आत गेली आणि ताटलीत करंडा आणि तिळाचे दोन लाडू घेऊन आली. तिनं बोट कुंकवात बुडवलं, हात उचलला, आणि माझ्या कपाळापासून बोटभर अंतरावर तो हात तसाच राहिला.

"तुमचे मालक हायेत ना, मॅडम?"

"आहेत म्हणजे? घरी आहेत. का हो?"

"सुखरूप?"

"हो."

"मंग मला न्हाई लावता येणार." तिनं हात मागं घेतला. "बँकेशी खोटं बोलले. तुमच्या कपाळाशी न्हाई बोलता येत."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी आतल्या खोलीकडं पाहिलं. पाठ तिथंच होती.

"मग ते कोण आहे?"

"आत्याबाई," ती म्हणाली. तिची सासू. "म्याच बसवलं पयल्यांदा. मॅडम जाईस्तोर बसा म्हणलं. आता तुमी नसताना बी बसतेत. त्यांच्या लेकाचा फोन वाजला की उचलून कानाला लावून बसतेत, बोलत न्हाईत. शर्ट धुवायला मागितला तर देत न्हाईत. म्हणून दुसरा भिजवून टाकते दोरीवर."

सुधाकर नागपंचमीच्या आदल्या दिवशी गेला होता. चुडाव्याला बहिणीकडं गेलेला, स्टेशनावर परतीच्या गाडीची वाट पाहताना छातीत कळ आली. सगळं तिकडंच केलं, दहावासुद्धा. मी मनातल्या मनात महिने मोजले. दसऱ्यानंतर मी ज्याची चौकशी केली, दिवाळीनंतर ज्याचे खांदे मला वाळलेले दिसले, तो माणूस त्याआधीच गेला होता.

"पण लपवलं कशाला?"

"समदे म्हणले, कर्जवाला गेला की बँक दुसऱ्या दिशी सील लावती. म्हातारीला घेऊन म्या कुठं जाऊ?"

मी खाली बसले. कारण त्या क्षणी मला एक पान आठवलं.

आमची शाखा लहान, त्यामुळं वसुलीत गेल्यावरही नव्या कर्जाच्या सह्या मीच घ्यायची. कर्ज देताना तीसेक सह्या असतात. नवरा-बायको शेजारी बसलेले असतात, नवीन घराचा आनंद असतो. त्यात एक पान कर्जविम्याचं असतं. 'कर्जदार मयत झाल्यास' अशी त्याची सुरुवात होते. विम्याचा हप्ता सुरुवातीलाच कर्जातून कापून घेतलेला असतो, आणि कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडते. घर घरच्यांचं राहतं. ते पान मी कधीच वाचून दाखवायची नाही. बाई शेजारी कुंकू लावून बसलेली असताना तिच्या नवऱ्याच्या मरणाचं वाक्य तोंडातून काढणं मला अभद्र वाटायचं. माझ्या आईनं दिवेलागणीला नुसतं 'मेला' म्हटलं तरी तोंडावर हात ठेवला असता. मी म्हणायची, "ही विम्याची, इथं सही करा," आणि पान उलटायची. सुधाकरचंही तसंच उलटलं होतं. आणि पाच फेऱ्यांत सगळ्या वाटा सांगितल्या त्या जिवंत माणसाच्या. ही एक वाट मी सवाष्णीपुढं कशी काढणार होते?

मी तिला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती रडेल किंवा हसेल. तिनं फक्त बांगड्यांकडं पाहिलं आणि म्हणाली, "मंग हे समदं उगंच केलं म्या?"

"कागद कुठाय मृत्यूचा?"

"नणंदेकडं. चुडाव्याला नोंद केलीय."

मी घरातून निघाले तेव्हा किराणावाला बाहेर उभा होता. त्याच्याकडं पाहिलं तरी त्यानं नजर चुकवली नाही. "मॅडम," तो म्हणाला, "तुमच्या लोकांला गल्लीत कोण खरं सांगतंय? त्यो जिता हाय म्हणलं की घर राहतंय, तर राहू द्या जिता." अख्ख्या गल्लीनं मिळून एक माणूस पाच महिने चालता-बोलता ठेवला होता. त्यासाठी चहापत्तीसुद्धा आणवली होती.

दावा दाखल झाला. शाखाधिकाऱ्यांनी कंपनीचं उत्तर येईपर्यंत ताब्याची नोटीस थांबवली. ते भले होते, पण त्यांच्याही हातात तेवढंच होतं. दावा फेटाळला गेला तर घर जाणारच होतं. तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. 'आपल्या अधिकाऱ्याच्या अहवालांनुसार सदर कर्जदार मृत्यूच्या नोंदलेल्या दिनांकानंतर दोन वेळा समक्ष भेटले आहेत. खुलासा करावा.'

शाखाधिकाऱ्यांनी पत्र माझ्यापुढं सरकवलं. "मॅडम, तुमच्यासारखी वसुली कुणी केली नसेल."

मला हसू आलं नाही.

"टंकलेखनाची चूक म्हणून लिहा," ते म्हणाले.

"दोनदा? माझ्या हातच्या खुणा आहेत त्या, साहेब."

"मग काहीच लिहू नका. दावा बाद होईल, लिलाव होईल, आपलं कर्ज वसूल होईल. तुमचे चार महिने राहिलेत. अंगावर ओढवून कशाला घेता?"

मेंढपाळाच्या मुलीला संस्थेनं खुर्ची दिली, पगार दिला, मुलांची शिक्षणं झाली. त्या संस्थेच्या कागदावर मी खोटं लिहिलं, हे कबूल करायची मला फार लाज वाटली. दोन दिवस मी सुनंदाचा फोनही घेतला नाही; मीही दार लावून बसले होते म्हणा. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं की मी कर्जदाराला भेटले नव्हते, त्यांचा चेहरा पाहिला नव्हता, आणि दोन्ही नोंदी चुकीच्या आहेत. पुढं एक वाक्य होतं, 'मी एका पाठीशी बोलले.' शाखाधिकाऱ्यांनी ते वाक्य मला खोडायला लावलं.

मला लेखी ठपका मिळाला. निरोपाच्या दिवशी हार होता, शाल होती, भाषण मात्र आटोपतं झालं. मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्याआधी, चैत्रात, दावा मंजूर होऊन आला. उरलेलं सगळं कर्ज फिटलं. ज्यांच्या घरावर कर्ज आहे त्यांना एवढंच सांगते, आज कागद काढा आणि विम्याचं पान शोधा. नसेल तर शाखेत जाऊन विचारा. असेल तर दोघांनी मिळून मोठ्यानं वाचा. तोंड विटाळत नाही.

घराचे मूळ कागद वारसांच्या ताब्यात द्यायचे असतात. बायको वारस, आईही वारस. दोघींच्या सह्या-अंगठे घ्यायला मी शेवटची त्या घरी गेले. दारात चपला नव्हत्या. दोरी रिकामी होती. सुनंदानं सही केली. मग आम्ही आतल्या खोलीत गेलो.

म्हातारी खुर्चीत होती. तोच चौकड्याचा शर्ट, टॉवेल खांद्यावर घसरलेला. पहिल्यांदाच मला तिचा चेहरा दिसला. लहानसा, सुधाकरसारख्याच भुवयांचा. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, आणि या वेळी एकही शब्द न गाळता सगळं वाचून दाखवलं, 'मयत' आला तिथंही. तिनं शांतपणे ऐकलं. शाईचा डबा पुढं केला तसा अंगठाही दिला.

"झालं, मावशी. घर तुमचं. आता कुणी येणार नाही."

"कुणी बी न्हाई?"

"नाही."

"तुमी बी यायच्या न्हाईत?"

"माझं काम संपलं, मावशी."

तिनं शाई लागलेला अंगठा शर्टाला लागू नये म्हणून हात लांब धरला होता. मग खुर्ची हळूहळू सरकवत पुन्हा भिंतीकडं वळली आणि म्हणाली, "मंग म्या आता कुणासाठी बसू?"

सुनंदा तिच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली, आणि शर्टाची एका बाजूनं दुमडलेली कॉलर तिनं दोन्ही हातांनी सरळ केली.